बिनदातांची नानकटाई

जमादार शाळेच्या मागच्या अंगणात शिरले तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात होते. त्यांच्या मागे दोन शिपाई, शिपायांच्या मागे अर्धं गाव. "भट्टी कुठाय?" असं त्यांनी दरडावून विचारलं आणि माझ्या सातवीच्या पोरांनी मोठ्या अभिमानानं एकाच वेळी बोटं केली. "ती काय, सायब. तिथं."

खरं सांगते, त्या घडीला मला काही म्हणजे काही समजलं नाही. पोलीस शाळेत येतात कशाला? आणि आलेच, तर आमची भट्टी बघायला कशाला? तोंड उघडं टाकून मी तशीच उभी राहिले, एरवी माझं तोंड उघडलं की त्यातून शब्द निघायचाच.

आधीचं सांगते, नाहीतर तुम्हालाही काही कळायचं नाही.

मी सत्यशीला. पूर्णेच्या रेल्वे चाळीत वाढले, वडील गँगमन. छप्पन साली आमच्या घरानं धम्म घेतला आणि त्यानंतर वडिलांनी दोनच गोष्टींचा धोशा लावला, शिका आणि सकाळी पंचशील म्हणा. मी दोन्ही केलं. चुडावा स्टेशनावर उतरून गाडीवाटेनं जावं लागणाऱ्या एका गावात मास्तरीण म्हणून लागले. गावात माझ्या हातचं पाणी पिणारी घरं होती तशी न पिणारीही होती. कोणतं घर कोणतं, हे मला तोंडपाठ होतं. राग माझ्या नाकावर असतो, पण तो बिनकारणाचा नसतो.

एकोणऐंशीच्या जानेवारीत वरून परिपत्रक आलं. पोरांकडून समाजोपयोगी उत्पादक कार्य करून घ्या आणि सव्वीस जानेवारीला दाखवा. ते नाव उच्चारताना आमचे मुख्याध्यापक माणिकराव गुरुजी यांची कवळी सुटायची. त्यांनी सुचवलं, केरसुण्या करा. दरवर्षी काहीही आलं की आम्ही केरसुण्याच करत होतो. शाळेत पोरांपेक्षा केरसुण्या जास्त झाल्या होत्या.

मी सातवीच्या वर्गाला विचारलं, गावासाठी काय करावं? मुंजाजी म्हणाला, आडातला गाळ काढू. त्याला आडात उतरायची हौस होती, गाळाशी त्याचं देणंघेणं नव्हतं. सूर्यभान म्हणाला, भिंतीवर म्हणी लिहू. मग मागच्या ओळीतून मालन उठली. वर्गात सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत कमी बोलणारी ही पोरगी. खाली बघत म्हणाली, "बाई, ज्याइला दात न्हाईत त्याइच्यासाठी काई तरी खायाला करू. त्याइला भाकर चावत न्हाई. कुस्करून कुस्करून खातेत."

वर्ग हसला. मला मात्र भरून आलं. पोरीचं मन बघा, म्हटलं, म्हाताऱ्या माणसांचा विचार करते.

मला लगेच नानकटाई आठवली. पगार झाला की वडील पूर्णेच्या बेकरीतून पुडा आणायचे आणि माझी दात पडलेली आजी एक एक नानकटाई जिभेवर ठेवून, डोळे मिटून, ती विरघळायची वाट बघत बसायची. रविवारी मी पूर्णेला गेले आणि बेकरीवाल्या चाचांना गाठलं. मैदा, साखर, डालडा, असं ते सांगू लागले. मी म्हटलं, चाचा, मैदा-साखर माझ्या शाळेत कुठली? ते म्हणाले, मग गव्हाचं पीठ आणि गूळ घ्या, पण भट्टी बराबर लावा, सारा खेळ भट्टीचा आहे. तो शब्द मी पोरांना जसाच्या तसा आणून दिला. भट्टी. बेकरीची असते ती भट्टी, यात शंका घेण्यासारखं मला काय दिसणार?

पोरं गल्लोगल्ली फिरली. म्हाताऱ्यांना ओट्यावर बसवायची आणि म्हणायची, आ करा. सुलाबाईला मागची एक दाढ शिल्लक निघाली, त्यावरून सूर्यभान आणि मुंजाजी यांची मारामारी झाली. एका दाढेनं माणूस नियमात बसतं का? बसतं, असा मी निवाडा दिला. माणिकराव गुरुजींनी हळूच विचारलं, "कवळीवाले बसतात का हो?" त्यांनाही बसवलं.

प्रत्येक पोरानं घरून पसाभर पीठ आणायचं ठरलं. डालडा मी आणला. गूळ मात्र स्वस्तातला हवा होता, म्हणून मुंजाजीला दत्तराव वाण्याकडे धाडलं. त्यानं दुकानात भर गिऱ्हाइकात सांगितलं, "काळा गूळ द्या. बाईनं सांगितलंय. शाळंत भट्टी लावायलाव." दत्तराव नुसते बघत राहिले म्हणे. मग गूळ दिला आणि वर म्हणाले, "सांभाळून करा म्हणावं." मुंजाजीनं निरोप आणला. मी म्हटलं, किती काळजी करतो माणूस.

आता मालनच्या आईचं सांगते. नर्मदाबाई. ओढ्याच्या अंगाला, गावापासून सुटं असं तिचं खोपट. नवरा कधीच परागंदा झालेला. ती गोवऱ्या आणि सरपण विकून पोट भरते, असं गाव सांगे आणि मीही तसंच समजत होते. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कधी चुकायची नाही. मालन सातवीत, आणि गावातली शाळा सातवीलाच संपत होती. एवढी हुशार पोरगी पुढच्या वर्षी गोवऱ्या थापत बसणार, हे मला सहन होत नव्हतं. संक्रांतीच्या आधी मी तिच्या घरी गेले.

नर्मदाबाई दारात आली ती दोन्ही बाजूंना हात लावून, वाट अडवूनच. मग एक हात काढून तिनं पदर तोंडाशी धरला. बाया पदर दातात धरतात, ही हातानं धरायची. कोणाशी बोलताना हात तोंडावरून हलायचा नाही. मला तो शिष्टपणा वाटायचा. घरातून आंबूस वास येत होता. म्हटलं, जनावराची पेंड भिजत घातली असेल, जरी दारात जनावर दिसत नव्हतं.

"मालनला आठवीला पूर्णेला धाडा," मी म्हणाले. "माझ्या आईकडे राहील. तुम्हाला काही करावं लागणार नाही."

"न्हाई जमायचं बाई," ती पदराआडून म्हणाली. "पोरगी मला लागती घरी."

"कशाला लागते?"

"लागती."

तिनं दार ओढून घेतलं. ओढ्यापासून शाळेपर्यंत मी स्वतःशी बडबडत आले. माझ्या आईच्या घरी पोरगी ठेवायची नाही, मला उंबऱ्यात घ्यायचं नाही, याचा अर्थ मला नव्यानं शिकायचा नव्हता. एकादशी करणारी बाई, ती आमच्या घरात लेक कशी ठेवेल? मनात मी तिच्या नावावर फुली मारली.

आणि मग आम्ही भट्टी लावली. शाळेच्या मागे विटांच्या तीन भिंती, त्यावर गोडेतेलाचा मोठा रिकामा डबा आडवा घातला, आत वाळू, वाळूवर ताटली. डब्याच्या खाली विस्तव आणि वरही निखारे. पहिलं पीठ मी मुद्दाम माझ्या हातानं मळलं. ज्याला खायचं त्यानं खावं, ज्याला नाही त्यानं आपल्या हिरड्या चघळाव्या.

पहिला घाणा वाया गेला. डब्याच्या झाकणाच्या फटीतून धूर आत शिरला आणि नानकटाईला चुलीचा वास लागला. पोरं रडकुंडीला आली. मालन काही न बोलता उठली. तिनं जुन्या धोतराची पट्टी फाडली, चिकणमातीत कालवली आणि झाकणाच्या कडेनं गुंडाळून बोटानं दाबत दाबत फट बुजवली. मग खालची दोन लाकडं मागं ओढली. "जाळ मोठा न्हाई करायचा," ती म्हणाली. "सारखा ठिवायचा."

दुसरा घाणा असा निघाला की काय सांगू. मी एक नानकटाई मोडली तर ती हातातच भुगा झाली. मी मालनच्या पाठीवर थाप मारली. "कोणी शिकवलं गं तुला हे?"

तिनं हाताला लागलेली माती झटकली. मग म्हणाली, "मायनं." आणि लगेच पाणी आणायला निघून गेली.

त्या दिवशी दुपारी व्यंकटराव आबा कुंपणाशी आले. गावातले जुने शेतकरी, तोंडात औषधालाही दात नाही. आमच्या यादीत पहिल्यांदा त्यांचंच तोंड तपासलं होतं. इकडे तिकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "बाई, शाळंत भट्टी लागली म्हणं."

"लागली ना आबा. तुमच्यासाठीच लावली."

"आमच्यासाठी?" म्हातारा कुंपणावर आणखी वाकला. "सरकारनं?"

"सरकारचं परिपत्रकच आहे तसं."

"आन् पैसे?"

"पैसे कसले. दात नाहीत त्या सगळ्यांना फुकट."

"ह्याला दात कशाला लागतेत बाई," आबा म्हणाले. मग त्यांनी धोतराच्या सोग्यातून एक रिकामी बाटली काढली आणि कुंपणावरून माझ्या हातात दिली. "पयल्या धारंची कवा निघंल?"

"धार कसली आबा? मऊसूत होते. जिभेवर ठेवली की विरघळते."

"विरघळती," आबांनी मान डोलावली. "बाटली ऱ्हाऊ द्या मंग हितंच." आणि ते निघून गेले. एवढं खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. बाटली कशाला दिली, ते मला उमगेना. म्हटलं, बिचाऱ्यानं आपल्या परीनं शाळेला मदत केली. पोरांनी ती धुऊन घेतली आणि तिच्या बुडानं गुळाचे खडे फोडले.

हे सगळं व्यंकटराव आबांची सून कमलबाई लांबून बघत होती. तिचा सासरा पीत होता आणि नवरा त्याहून जास्त पीत होता. आता शाळेनंही दारू गाळायला घेतली, हे बघून त्या बाईचं डोकं फिरलं नसतं तरच नवल. तिनं कोणालाही न विचारता भावाला सायकलीवर बसवून ठाण्याला निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी एक घाणा भट्टीत होता, शेवटच्याचं पीठ मी मळत होते आणि जमादार आले.

जमादारांनी आधी भट्टीभोवती एक फेरी मारली. मग गुळाची ढेप काठीनं ढोसली. "काळा गूळ." मग बाटली उचलून हुंगली. "बाटली हजर." मग डब्याकडे वाकून बघितलं. "लेप दिलेला. जाळ चालू. बाई, शाळंत? लेकराइकडून?"

लेकरं रडायला लागली. मुंजाजी कुंपणावरून उडी मारून पळाला. माणिकराव गुरुजी खडूच्या पेटीला धरून उभे होते आणि त्यांच्या तोंडून "परिपत्रक, परिपत्रक" एवढंच निघत होतं. मला धक्का बसला होता, पण माझ्या धक्क्याचा राग व्हायला वेळ लागत नाही. मला वाटलं, माझ्या हातचं गावच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी जाणार, हे कोणाला तरी खुपलं आणि त्यानं पोलीस आणले.

"कोणी तक्रार केली, त्यानं पुढं यावं," मी म्हणाले. "माझ्या हातचं चालत नसेल तर खाऊ नका. पण लेकरांच्या कामावर पोलीस घालता? पीठ काय बाटतं?"

"पीठ?" जमादार म्हणाले. "कसलं पीठ?"

"नानकटाईचं. दुसरं काय असणार?"

मी पट्टी सोडवली आणि झाकण ओढलं. गरम वाफ आली, तूपगुळाचा खमंग वास आला आणि ताटलीत नानकटाया दिसल्या, वरून तडकलेल्या, मनाजोग्या. जमादार वाकले, बघत राहिले, मग मागं वळून गावाकडे बघितलं, मग परत ताटलीकडे. आणि मग ते असे हसत सुटले की त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं. शिपाई हसले, गाव हसलं. कमलबाईनं तोंडात पदर कोंबला. व्यंकटराव आबा तेवढे हसले नाहीत. पहिल्या धारेचं काय झालं, ते त्यांना आत्ता कळलं होतं.

भट्टी या शब्दाचा गावातला अर्थ तेव्हा माझ्या डोक्यात उतरला. गावात बेकरी कधीच नव्हती. गावाला एकच भट्टी माहीत होती. मला कानकोंडं झालं, हसूही आलं. जमादारांना मी नानकटाई दिली, त्यांनी ती तोंडापर्यंत नेली आणि तिथंच थांबले. त्यांची नजर माझ्या हातातल्या पट्टीवर होती, चिखल माखलेल्या धोतराच्या पट्टीवर.

"हा लेप लय भारी दिलाय," ते म्हणाले. हसणं गेलं होतं. "वाफ जराबी भाईर न्हाई. कुणी दिला?"

"मालननं," पोरांनी सांगितलं. रडणं थांबलेलं, अभिमान परत आलेला. "सायब, जाळबी तिनंच ठिवला. तिला लय येतंय."

जमादार मालनकडे वळले. "कुठं शिकलीस गं?"

मालनचा चेहरा पांढरा पडला होता. त्या चेहऱ्याकडे बघता बघता मला एक एक गोष्ट समजत गेली. दारात आडवे लावलेले हात. जनावर नसलेल्या घरातला पेंडीचा वास. पोरगी मला लागती घरी. एकादशी करणारी, माळ घालणारी ती बाई दारू गाळत होती, आणि माझी वर्गातली सगळ्यांत हुशार पोर तिच्या भट्टीचा जाळ सांभाळत होती. मला इतका धक्का पोलीस आले तेव्हाही बसला नव्हता.

"बाईनं शिकवलं," मालन म्हणाली.

जमादारांनी माझ्याकडे बघितलं. मी रोज सकाळी पंचशील म्हणते. चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे आणि पाचवं नशापाण्यापासून लांब राहण्याचं. दारूनं उजाड झालेली घरं मी रेल्वे चाळीत बघितली आहेत, दारूचा मला मनापासून तिटकारा आहे. तरी मी म्हणाले, "हो. मीच शिकवलं."

"तुमाला कुणी शिकवलं?"

"पूर्णेच्या बेकरीवाल्यांनी," मी म्हणाले.

तेही बहुतेक निभावलं असतं. पण मुंजाजी पळाला होता तो थेट ओढ्यावर. झाकण उघडायच्या आधीच गेलेला, त्याला पुढचं काय माहीत? त्यानं नर्मदाबाईला सांगितलं होतं, भट्टी धरली, पोलीस आलेत, आणि वर मनचंच घालून, मालनला धरलं.

गर्दी मागून फाटली. नर्मदाबाई पळत आली ती डोक्यावर मडकं घेऊन. काळं कुळकुळीत मडकं, त्याच्या गळ्याभोवती वाळलेल्या चिखलाची पट्टी. तसलीच पट्टी माझ्या हातात होती. तिनं मडकं जमादारांच्या पायाशी ठेवलं आणि दोन्ही हात जोडले.

"सायब, ही भट्टी माजी हाय. पोरीचा काई संबंध न्हाई. मीच गाळते. मला न्या, तिला सोडा."

दोन्ही हात जोडलेले होते, म्हणून पदर धरायला हात उरला नव्हता. आणि मी बघितलं. वरचे पुढचे दात नव्हते, खालचेही नव्हते. वय तिचं माझ्याएवढंच, तिशीच्या आतबाहेरचं. ओठावर आडवा जुना व्रण. म्हातारपणानं असे दात पडत नाहीत आणि ओठ असा फाटत नाही. तिचा नवरा दारू पिऊन काय करत असेल, हे मला कोणी सांगायची गरज राहिली नाही. आणि त्याच दारूवर ती लेक वाढवत होती.

तिनं आजूबाजूला बघितलं. ताटलीतल्या नानकटाया बघितल्या, जमादारांच्या हातातली बघितली, पिठाच्या हातांची पोरं बघितली. तिला समजलं. कोणी काही विचारलं नव्हतं, आणि ती सगळ्या गावादेखत सगळं बोलून बसली होती. तिचे जोडलेले हात तसेच राहिले.

मी गावाकडे बघितलं. आणि मग मला शेवटचा धक्का बसला. गावातल्या एकाही पुरुषाला धक्का बसला नव्हता. व्यंकटराव आबा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते. दत्तराव वाणी आभाळाकडे बघत होते. सगळ्यांना ठाऊक होतं. संध्याकाळी सगळ्यांच्या वाटा ओढ्याकडेच जात होत्या. माहीत नव्हतं ते फक्त मला आणि पोरांना. आमच्यातलीही एक माहीत असणारी होतीच.

"दोन पंच पायजेत," जमादार म्हणाले. "मडकं जप्त झाल्याच्या कागदावर सह्या लागतेत. कोण येतंय?"

कोणाला गाय सोडायची आठवली, कोणाला मोट. दत्तरावांचं दुकान उघडं राहिलेलं निघालं. बघता बघता गर्दीत फक्त बाया उरल्या. कमलबाई मागं होती, तिनंही मान खाली घातली. ज्या भट्टीवर तिचा राग होता ती समोर होती, पण ती पुढं आली नाही.

"बाई, तुमी सरकारी नोकर," जमादार मला म्हणाले. "तुमी व्हा पंच."

"मी काही बघितलं नाही," मी म्हणाले. "माझ्या डोळ्यात पीठ गेलंय."

"गुरुजी?"

माणिकराव गुरुजींनी आयुष्यात कधी कोणाला नाही म्हटलं नव्हतं. ते म्हणाले, "परिपत्रकात बसत नाही." आणि आत निघून गेले.

जमादारांनी उरलेल्या बायांकडे बघितलं. मग त्यांनी काठी उचलली आणि मडक्यावर घातली. मडकं फुटलं. आत काही नव्हतं. "रिकामं होतं," ते नर्मदाबाईला म्हणाले. "रिकाम्या मडक्यावर काय कागद करू? पण फिरून ह्या गावातून वास आला तर मंग पंचाइवाचून नेईन तुला." हातातली नानकटाई त्यांनी ताटलीत परत ठेवली, शिपायांना खूण केली आणि ते गेले.

बायाही पांगल्या, अंगणात मी, पोरं आणि नर्मदाबाई एवढेच राहिलो. नर्मदाबाईनं आता पदर तोंडावर ओढला होता, दोन्ही हातांनी, डोळ्यांपर्यंत. खापऱ्या तिच्या पायाशी पडलेल्या. मी मालनकडे बघितलं. आईनं सगळ्यांसमोर असं केल्यावर पोरगी आता शाळेत तोंड दाखवणार नाही, असं माझ्या मनात आलं.

मालन भट्टीपाशी गेली. ताटलीतली एक नानकटाई उचलली, फुंकर घालून निववली आणि आईसमोर जाऊन उभी राहिली.

"माय, आ कर."

नर्मदाबाईनं मान हलवली.

"आ कर की. तुज्यासाठीच केलीया. आमी गावात ज्याइला दात न्हाईत त्याइच्यासाठी करायलाव. तू बी हायस की बिनदाताची."

मागच्या ओळीतून उठून ती खाली बघत बोलली होती तेव्हा मला वाटलं होतं, पोरीला म्हाताऱ्यांची कणव आली. म्हाताऱ्यांचं तिच्या मनातही नव्हतं. घरात कुस्करून कुस्करून भाकर खाणारं एक माणूस तिनं रोज बघितलं होतं. मी इतकी वर्षं पोरांना शिकवते आणि मला ते कळलं नव्हतं. मी तिथंच विटांवर बसले आणि पिठाच्या हातांनी डोळे पुसले. डोळ्यात पीठ गेलं ते तेव्हा, खरोखरचं.

नर्मदाबाईनं हळूहळू पदर खाली घेतला. पोरांनी तिचं तोंड बघितलं. सूर्यभान तेवढ्यात हळूच म्हणाला, "बाई, ह्या नियमात बसतेत." कोणी हसलं नाही. मालननं नानकटाई तिच्या जिभेवर ठेवली आणि तिनं ओठ मिटले. ती चावत नव्हती. ती विरघळायची वाट बघत होती, माझी आजी बघायची तशी. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

नानकटाई संपल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच तोंडाशी हात न नेता बोलली, म्हणून शब्द जरा फिसकटले.

"बाई, आठवीचं म्हणला होतात," ती म्हणाली. "आता घरी न्हाई लागायची पोरगी. तुमच्या मायला इचारा, ठिवतील का आमची लेक."